मेसचा बटाटा आणि कमलाबाई

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याला बटाट्याची ओळख करून द्यायची गरज नाही. सोमवारी बटाटा-वाटाणा, मंगळवारी सुकी भाजी, बुधवारी रस्सा आणि गुरुवारी त्याच रश्श्यात थोडं पाणी. रविवारच्या फीस्टला पनीर असतं म्हणतात, पण पळी घातली की आधी वर येतो तो बटाटाच! पहिल्या वर्षाला आपण घरी फोन करून तक्रार करतो, दुसऱ्या वर्षाला मेस कमिटीकडे करतो आणि तिसऱ्या वर्षाला मुकाट्याने ताट पुढे करतो. मीही त्यातलाच. पण गेल्या दिवाळीपासून मी बटाट्याकडे जरा आदराने बघायला लागलो आहे. का, ते सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर आठवीतल्या बहिणीचा पेशींचा धडा माझ्या गळ्यात पडला. इंजिनिअरिंगला गेलेल्या दादाला सगळंच येतं, असा घरच्यांचा समज असतो आणि तो मोडायची आपली हिंमत नसते. मग काय, वही घेतली आणि दोन आकृत्या काढल्या. वनस्पतीपेशी चौकोनी, प्राणीपेशी गोलसर. बाण काढले, नावं लिहिली. पण नुसत्या नावांनी तिचं समाधान होईना. शेवटी मी आपल्या नगर जिल्ह्याचं हुकमी उदाहरण काढलं (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय): साखर कारखाना.

समज, पेशी म्हणजे एक साखर कारखाना. कंपाउंडची जाड भिंत म्हणजे पेशीभित्तिका. ती सेल्युलोजची असते आणि फक्त वनस्पतीपेशीला असते, म्हणून झाड हाडांशिवाय उभं राहतं. भिंतीच्या आत गेटवर जो वॉचमन बसतो ते पेशीपटल. कुणाला आत सोडायचं, कुणाला बाहेर, हे तो ठरवतो. प्राण्यांना भिंत नाही, पण वॉचमन दोघांनाही आहे. सगळी मूळ ड्रॉइंग्ज कुलूपबंद ठेवलेलं ऑफिस म्हणजे केंद्रक. त्या ड्रॉइंगची कॉपी घेऊन पार्ट बनवणारी वर्कशॉप म्हणजे रायबोसोम; इथे प्रथिनं बनतात. बनलेला माल पुढे नेणारी आंतर्द्रव्यजालिका, तो तपासून, खुणा करून, पॅक करून पाठवणारं गॉल्गी संकुल. मोडीत काढलेलं सामान सुटं करणारी लयकारिका. पाण्याची टाकी आणि गोडाऊन मिळून एकच असावं तशी रिक्तिका. वनस्पतीत ती एवढी मोठी की कधी कधी पेशीचा बहुतेक भाग तीच व्यापते. हरितलवक म्हणजे उसाचा हिरवा मळा. सूर्यप्रकाश वापरून साखर तिथे तयार होते. आणि तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, हे बॉयलर हाऊस. इंधन जाळायचं आणि अख्ख्या कारखान्याला पॉवर पुरवायची.

मी खूश. तेवढ्यात तिने दोन प्रश्न विचारले आणि माझा व्हायवा सुरू झाला.

पहिला प्रश्न : वनस्पतीला हरितलवक आहे, ती सूर्यावर चालते, मग तिला बॉयलर कशाला लागतो? दुसरा प्रश्न : हे सगळं शोधलं ती सगळी परदेशातलीच माणसं का? आपल्याकडचं, त्यातही एखादी बाई, कुणीच नाही?

पहिल्या प्रश्नाला मी पुस्तकात आहे म्हणून असं उत्तर दिलं. (हे उत्तर आपणही वर्गात ऐकलेलं आहे!) दुसऱ्याला मी रॉबर्ट हूकपासून सुरुवात केली. १६६५ साली त्याने बुचाच्या कापात खोल्या पाहिल्या. मग १८३१ चा रॉबर्ट ब्राऊन आणि त्याचं केंद्रक, १८९८ चा गॉल्गी... आणि थांबलो. आपल्याकडचं नाव येईना. नंतर दोन दिवस शोधाशोध केली तेव्हा गंमत कळली. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं. त्या उत्तराचं नाव कमला सोहोनी, आणि उत्तर सापडलं होतं बटाट्यात.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. मराठीच्या विद्यार्थ्यांना भागवत म्हटलं की दुर्गाबाई आठवतात. लोकसाहित्याच्या अभ्यासक, आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या. कमलाबाई त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहीण. एका बहिणीने माणसांच्या कथा धुंडाळल्या, दुसरीने पेशींच्या. घरात रसायनशास्त्र पाण्यासारखं वाहत होतं. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या, अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. आपणही तिथेच संशोधनाला जायचं, हे कमलाबाईंनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या, तेही पहिल्या क्रमांकाने. बंगलोरला अर्ज गेला. मेरिट लिस्टला पहिलं नाव असलेल्या मुलीला ॲडमिशन नाकारायचं काही कारण नव्हतं. पण अर्ज फेटाळला गेला. कारण एकच, ती मुलगी आहे. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले, साऱ्या देशाचा अभिमान असलेले रामन. वडिलांनी आणि काकांनी गळ घातली, तरी ते बधले नाहीत.

आपल्यापैकी कुणी काय केलं असतं? दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म भरला असता. कमलाबाईंनी ट्रेन पकडली आणि बंगलोर गाठलं. गांधीजींच्या चळवळीचे दिवस होते. त्या रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचं कारण विचारलं. मुलींसाठी तुमचं दार बंद असेल तर मी इथून हलणार नाही, अशी भूमिका घेतली. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तितक्या उशिरापर्यंत काम करावं लागेल. काम संचालकांना पसंत पडलं तरच त्याला मान्यता. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण तिच्यामुळे बिघडता कामा नये. ही शेवटची अट वाचून आपल्या लेडीज हॉस्टेलमधल्या मैत्रिणींना काय वाटेल, ते त्यांनाच माहीत. कमलाबाईंनी अपमान गिळला आणि अटी मान्य केल्या. मात्र विसरल्या नाहीत. पुढे म्हातारपणी शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात त्यांनी ही हकिकत स्पष्ट शब्दांत सांगितली. रामन यांचं मोठेपण नाकारलं नाही, पण त्यांचं वागणं चुकीचं होतं हेही झाकून ठेवलं नाही.

बंगलोरला मार्गदर्शक मिळाले ते श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण विद्यार्थी मुलगा आहे की मुलगी हे न बघणारे. पहाटेपासून रात्रीपर्यंत लॅब, मध्ये विरंगुळा म्हणून टेनिस. विषय होता दूध आणि डाळी यांतली प्रथिनं. आपल्या संगमनेर, राहाता, कोपरगाव भागात पहाटे दुधाच्या कॅनचा खडखडाट ऐकतच जाग येते. पण दुधातलं प्रथिन येतं कुठून, याचा विचार आपण करतो का? गाईच्या कासेतल्या पेशींत रायबोसोमवर केसिन बनतं, आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गी संकुलात जातं, तिथे त्याच्या बारीक कणांच्या गोळ्या वळल्या जातात आणि पेशीबाहेर पाठवल्या जातात. हा सगळा मार्ग तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. रायबोसोम नीट दिसायला १९५० चं दशक उजाडावं लागलं. कमलाबाईंच्या हाती होतं ते शेवटचं प्रॉडक्ट, म्हणजे प्रथिन. ते वेगळं करायचं, मोजायचं, तपासायचं. गरिबाच्या ताटात डाळ आणि दूधच असतं, तेव्हा त्यातून त्याला नेमकं काय मिळतं हे कळलं पाहिजे, असा त्यामागचा सरळ विचार होता.

वर्ष संपलं. रामन यांना काम पसंत पडलं. कमलाबाईंचा प्रवेश नियमित झाला आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यानंतर संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. १९३६ मध्ये त्यांना एम.एस्सी. मिळाली. मग शिष्यवृत्तीवर थेट केंब्रिज.

केंब्रिजमध्ये बायोकेमिस्ट्रीचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या कामाबद्दल १९२९ चं नोबेल मिळालेले. इथे स्त्री म्हणून दार बंद नव्हतं, पण जागाच नव्हती. टेबल मिळालं तर ये, अशी परिस्थिती. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपलं टेबल त्यांना वापरायला दिलं. लॅबमध्ये एक सीट आणि दोन बॅच, हा प्रकार आपल्याला चांगलाच ठाऊक आहे! रिक्टरबरोबर त्यांनी प्राण्यांच्या ऊतींमधल्या एका प्रकारच्या विकरांवर काम केलं. विकर म्हणजे एन्झाइम, रासायनिक क्रियेला वेग देणारं प्रथिन. पुढे रिक्टर दुसरीकडे गेले आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. त्यांचा विषय प्राणी नव्हे, वनस्पती. हे तेच हिल, ज्यांनी १९३७ मध्ये पेशीतून बाहेर काढलेली हरितलवकं उजेडात ठेवली आणि ती ऑक्सिजन सोडतात हे दाखवलं. म्हणजे एका टेबलावर वनस्पतीच्या मळ्याचं काम चालू होतं, तर कमलाबाईंच्या टेबलावर वनस्पतीच्या बॉयलरचं.

इथे थोडं मागे जाऊ. श्वसन म्हणजे फक्त नाकाने हवा घेणं नव्हे. खरं श्वसन प्रत्येक पेशीत चालतं. साखरेतले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने काढून घेतले जातात आणि शेवटी ऑक्सिजनला दिले जातात. त्यातून पाणी तयार होतं आणि ऊर्जा सुटते. १९२५ मध्ये केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी वर्णपटदर्शकातून कीटकांचे स्नायू आणि यीस्ट बघताना प्रकाशाच्या पट्ट्यात काही काळ्या रेघा पाहिल्या. ऑक्सिजन दिला की रेघा जायच्या, बंद केला की परत यायच्या. त्या रंगद्रव्याला त्यांनी सायटोक्रोम म्हटलं, म्हणजे पेशीचा रंग. अशा रेघा त्यांना वनस्पतींतही दिसल्या होत्या. पण दिसणं वेगळं आणि काम करणं वेगळं. गावात खांब आहेत म्हणजे लाईट आहे असं थोडंच असतं!

वनस्पतींचं श्वसन याच मार्गाने चालतं का, यावर वाद होता. आणि वादाच्या मधोमध होता बटाटा. मेसच्या मागच्या बाजूला काकू बटाटे चिरून पाण्यात टाकतात, ते का? उघडे ठेवले तर काळे पडतात म्हणून. बटाट्याच्या रिक्तिकेत फिनॉल जातीची द्रव्यं साठवलेली असतात आणि त्यांचा ऑक्सिजनशी संयोग घडवणारं विकर वेगळ्या कप्प्यात असतं. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि बटाटा तपकिरी होतो. हे विकर बटाट्यात इतकं जोरदार आहे की, बटाट्याच्या श्वसनात ऑक्सिजन घेणारा शेवटचा दुवा तेच असावं, असं काही संशोधकांना वाटत होतं. तसं असतं तर वनस्पती आणि प्राणी यांच्या पेशींचे बॉयलर वेगवेगळ्या बनावटीचे ठरले असते.

कमलाबाईंनी बटाटे घेतले. वाटा, गाळा, रस वेगळा करा, काळं पडणं आवरा, ऑक्सिजन किती शोषला जातो ते मोजा. वर्णनात चार शब्द, प्रत्यक्षात चार महिने. आपली लॅबची रीडिंग्ज सबमिशनच्या आदल्या रात्री कशी जमतात ते आपल्याला माहीत आहे. इथे ती सोय नव्हती. उत्तर मिळालं ते असं. वनस्पतीच्या ऊतींत सायटोक्रोम सी आहे, आणि त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देणारं विकरही आहे. म्हणजे नुसते खांब नाहीत, तारेत करंटही आहे. प्राण्याची पेशी इंधन जाळते त्याच पद्धतीने वनस्पतीची पेशीही जाळते. हिल आणि भागवत या जोडनावाने हे काम १९३९ मध्ये नेचरमध्ये छापून आलं. बऱ्याच ठिकाणी कमलाबाईंनी सायटोक्रोम सी शोधलं असं एका ओळीत लिहिलेलं असतं. ते तितकंसं बरोबर नाही. सायटोक्रोम आधी सापडलेलं होतं. वनस्पतीच्या पेशीत ते काय काम करतं हे दाखवण्यात कमलाबाईंचा वाटा होता. आणि माझ्या मते तो जास्त मोलाचा आहे.

माझ्या बहिणीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच. जमिनीखालच्या बटाट्याला हरितलवक नाही, सूर्य नाही. गोडाऊनमध्ये तो अंधारात महिनोन्‌महिने जिवंत राहतो, डोळे फोडतो, कोंब काढतो. मूळ कायम अंधारात असतं. पानालासुद्धा रात्र असते. मळ्यात साखर तयार झाली तरी ती जाळून पॉवर करायला बॉयलर लागतोच. बटाट्यातली पांढरी लवकं, ज्यांत स्टार्च भरलेला असतो, ती या बॉयलरच्या इंधनाची कोठारं. आपण मेसमध्ये खातो ती ही कोठारं. मग आपल्या पेशी तेच इंधन तशाच बॉयलरमध्ये जाळतात आणि त्यावर आपण रात्री जागून जर्नल पूर्ण करतो.

गंमत अशी की कमलाबाई हे काम करत होत्या तेव्हा हा बॉयलर तंतुकणिकेतच असतो हे पक्कं ठरलेलंच नव्हतं. ते १९४८ च्या सुमारास स्पष्ट झालं. तंतुकणिकेच्या आतल्या घड्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसल्या त्या १९५० नंतर. आज आपण जी आकृती पाच मिनिटांत काढतो, ती त्यांच्यासमोर नव्हती. भाडेकरू सापडला होता, घराचा पत्ता नंतर लागला.

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी खास. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर प्रथिनांचे मोठे संच बसवलेले आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या संचामध्ये इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा छोटासा हमाल म्हणजे सायटोक्रोम सी. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू. तो एका वेळी एकच इलेक्ट्रॉन उचलतो, पलीकडे टाकतो, परत येतो. या वाहतुकीत सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलाच्या एका बाजूला पंप होतात. आपल्या भंडारदऱ्याला जसं पाणी अडवून ठेवतात, तसे हे प्रोटॉन साठतात आणि खाली येताना एक टर्बाइन फिरवतात. खरोखरचं फिरणारं! १९९७ साली जपानी संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना पाहिलं. त्या फिरण्यातून एटीपी बनतं, म्हणजे पेशीची रोकड. सायनाइड घेतल्यावर माणूस मिनिटांत का मरतो? कारण ते चौथा संच बंद पाडतं, हमालाचा माल उतरवायला जागाच उरत नाही आणि सगळी लाईन ठप्प. माणसाच्या सायटोक्रोम सीमध्ये १०४ अमिनो आम्लं असतात. चिंपांझीचं अगदी तेच. गव्हाचं घेतलं तरी निम्म्याहून जास्त जागा जुळतात. एवढं जुनं आणि एवढं पक्कं डिझाइन बदलायची निसर्गाची हिंमत झालेली नाही.

कमलाबाईंचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता आणि चौदा महिन्यांत पुरा झाला. (आपले प्रोजेक्ट रिपोर्ट किती पानांचे असतात आणि त्यात आपली पानं किती, हा प्रश्न इथे नको.) १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. केंब्रिजमधून विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. वनस्पतीशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ मध्येच अमेरिकेत मिशिगनची डॉक्टरेट मिळाली होती, म्हणजे वाट अगदी ओसाड नव्हती. पण होती ती पाऊलवाटच.

परदेशात राहणं सोपं होतं. त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये नव्या बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख झाल्या, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केलं. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न होऊन मुंबईला आल्या आणि १९४९ पासून तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. तेव्हा तिचं नाव रॉयल इन्स्टिट्यूट होतं. बायोकेमिस्ट्रीचा विभाग तिथेही नव्यानेच सुरू झाला होता. दोन मुलांचा संसार, विभाग आणि संशोधनाचे विद्यार्थी, सगळं एकाच वेळी.

मुंबईत त्यांनी विषय निवडले ते मात्र केंब्रिजचे नव्हते, आपल्या चुलीचे होते. एक विषय कडधान्यांचा. मेसमध्ये मटकीची उसळ कच्ची राहिली की रात्रभर पोट फुगतं, हा अनुभव सर्वांनाच आहे. कारण पेशीतच आहे. बी म्हणजे पुढच्या रोपट्याचा डबा. त्यातली प्रथिनं रिक्तिकेच्या कप्प्यांत साठवलेली असतात आणि त्यांच्याबरोबर काही राखणदार प्रथिनंही असतात. ट्रिप्सिन हे आपलं पचनाचं विकर. त्यालाच ती राखणदार प्रथिनं अडवतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशी रोधकं वालासारख्या कडधान्यांतून शुद्ध, अगदी स्फटिकरूपात वेगळी केली. नीट शिजवलं की त्यांचा जोर बराचसा मोडतो. आपल्या आज्या कडधान्य भिजवत, मोड आणत आणि मऊ शिजवत. त्यामागचं कारण लॅबमध्ये दिसलं.

दुसरा विषय नीरा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी तो घेतला. ताडा-माडाचा, शिंदीचा ताजा रस म्हणजे पानांनी बनवलेली साखर घेऊन निघालेलं पाणी. पहाटे तो गोड असतो, दुपारपर्यंत ताडी होतो. हा खेळही पेशीचाच. यीस्टच्या पेशीत तंतुकणिका असते, पण हवा नसेल तर तिचा बॉयलर थंड पडतो. मग यीस्ट साखर अर्धवटच वापरते आणि अल्कोहोल बाहेर टाकते. आपल्या भागातल्या डिस्टिलऱ्या मळीवर जे इथेनॉल करतात त्याचं तत्त्व हेच. कमलाबाईंनी नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह तपासलं, ताडगुळात त्यातलं किती टिकतं ते पाहिलं, आणि कुपोषित आदिवासी मुलं व गरोदर बायांच्या आहारात नीरा दिली तर प्रकृती सुधारते असं दाखवलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. बंगलोरला दुधापासून सुरू झालेली गाडी पुन्हा दुधाकडे आली.

इतकं असूनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना चार वर्षं ताटकळत ठेवलं गेलं. पात्रतेचा प्रश्न नव्हता, अंतर्गत राजकारण होतं. अखेर ते पद मिळालं आणि एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या त्या पहिल्या स्त्री संचालक झाल्या. १९६९ मध्ये निवृत्त झाल्या. पण घरी बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली होती, त्यात त्या होत्या. पुढे अध्यक्षही झाल्या. भेसळ, वजनमापं, खाण्यापिण्याची सुरक्षितता यांवर लिहीत राहिल्या. मराठीतून आहारावर सामान्य माणसासाठी लिहिलं. केंब्रिजची डॉक्टरेट आणि विषय हळदीतली भेसळ! त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही.

एवढ्या कामाची दखल मात्र फार उशिरा घेतली गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या स्त्री महासंचालक डॉ. सत्यवती यांना त्यांची हकिकत कळली, तेव्हा त्यांनी दिल्लीत सत्कार ठरवला. कमलाबाई ऐंशी पार केलेल्या. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. साल १९९८. योगायोग असा की त्याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकेत सायटोक्रोम सीचं दुसरं काम उघडकीला आलं होतं. पेशी निकामी झाली की तंतुकणिकेतून सायटोक्रोम सी बाहेर पडतं आणि पेशीने आता शांतपणे मोडून जावं, असा निरोप देतं. जन्मभर पॉवर पुरवणारा हमाल शेवटचा निरोपही तोच पोचवतो.

सुट्टी संपायच्या आत मी हे सगळं बहिणीला सांगितलं. तिने माझ्या आकृतीत तंतुकणिकेच्या बाणासमोर पेन्सिलीने कमलाबाई असं लिहिलं. परीक्षेत असं लिहिलंस तर मार्क कापतील, हे मी तिला सांगितलं नाही. पुढे काय व्हायचं असं विचारल्यावर ती मेकॅनिकल म्हणते आणि नातेवाईक हसतात. मुलीने कॉम्प्युटर घ्यावं, वर्कशॉप मुलींचं नव्हे, असं समजावतात. मीही पहिल्या वर्षाला आमच्या बॅचमधल्या मुलीने फाइल हातात घेतल्यावर इतरांबरोबर हसलो होतो, हे इथे कबूल करतो. तिचा जॉब माझ्यापेक्षा चांगला झाला होता. वातावरण बिघडू नये ही अट १९३३ मध्ये कागदावर नव्हे, तोंडी घातली गेली असेल. आज ती कुणी तोंडीही घालत नाही, आपण हसून घालतो.

मित्रांनो आणि मैत्रिणींनो, उद्या मेसमध्ये बटाटा असेलच. भांडं वाजवण्याआधी एकदा त्याच्याकडे नीट बघा. आणि काकूंनी तो पाण्यात का टाकलाय हे ठाऊक असेल, तर शेजाऱ्यालाही सांगा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी